ओळखीच्या हातचा चिखल

अकोल्याच्या जुन्या शहरात जाऊन शेख इनायतुल्ला कुठे राहतात असं विचारलंत, तर लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील. इनायत डेंटर म्हणा, की पानटपरीवाला हातातलं पान तसंच ठेवून तुम्हाला वर्कशॉपपर्यंत सोडायला येईल आणि जाता जाता त्याच्या निम्म्या चुगल्याही उरकून टाकेल. म्हणेल, चाचाच्या हातात जादू आहे, पण तोंड कारल्याचं. आणि सांगितल्या दिवशी गाडी मिळाली तर माझं नाव बदला. यातलं अक्षरही खोटं नाही.

इनायत डेंटर आता पंचाहत्तरीला टेकला आहे. मोर्णा नदीवरच्या दगडी पुलाच्या अलीकडे त्याची पत्र्याची शेड आहे, आणि रोज सकाळी तो जुन्या सायकलवरून तिथे जातो, काम असो वा नसो. काम म्हणजे मोटारींच्या अंगावरचे पोचे काढणं. आतून लोखंडाचा ठोकळा धरायचा, बाहेरून हातोडीने पत्र्याची हळूहळू समजूत घालायची, आणि समजूत पटली की नाही हे डोळे मिटून तळव्याने बघायचं. पोचा डोळ्याला फसवतो, तळव्याला नाही, असं तो म्हणतो. त्यातही मडगार्ड, म्हणजे अर्ध्या अकोल्याच्या तोंडी मडगाट, ही त्याची खासियत. त्याच्या हाताखालून गेलेल्या मडगाटावर पोचा नेमका कुठे होता हे गाडीच्या मालकालाही सांगता यायचं नाही.

आता हे सगळं भूतकाळात बोलायचं. हल्ली मडगार्ड ठोकत नाहीत, बदलतात. इनायतचा स्वतःचा मुलगा इरशाद एका मोठ्या शोरूमच्या सर्व्हिस सेंटरमध्ये आहे. तिथे ओरखडा आला की अख्खा मडगार्ड काढून नवा बसवतात, आणि तोही अर्धा प्लास्टिकचा. डोकं दुखलं म्हणून मुंडकं बदलायची ही रीत इनायतला पटलेली नाही. तो मुलाला जेवताना तसं बोलून दाखवतो. मुलगा मान खाली घालून जेवतो, कारण बापाशी वाद घालून अन्न गोड लागत नाही हे त्याला अनुभवाने कळलं आहे.

घरात या धंद्याचा नाद लागला तो एकट्या अनीसाला, इरशादच्या मुलीला. लहानपणी शाळेतून सुटली की ती घरी जायच्या आधी शेडमध्ये यायची आणि दादाचा, म्हणजे आजोबांचा, ठोकळा पत्र्याच्या मागून धरायची. बारावीनंतर तिने अमरावतीला आयटीआयमध्ये मोटारबॉडीचा कोर्स घेतला. आई शकीला आठवडाभर बोलली नाही, मग बोलली. त्यानंतर अनीसा राजापेठेतल्या एका क्लासमध्ये जर्मन शिकायला लागली, कारण जर्मनीत म्हणे या कामाला माणसं मिळत नाहीत, आणि शिकता शिकता पगारही देतात. परीक्षा झाली, व्हिसा आला. येत्या गुरुवारी तिला नागपूरहून विमान पकडायचं होतं.

आणि ती जायच्या आधी इनायतला एक गोष्ट करायची होती. ती त्याच्याने होत नव्हती. तशी ती फारशी मोठी नव्हती. बोटभर चिखल लावायचा होता, बस. पण हा चिखल कसला हे कळायला थोडं मागे जावं लागेल, त्याला इलाज नाही.

इनायतचे वडील हबीबमियां टांगे बनवायचे. अकोला स्टेशनच्या बाहेर एकेकाळी टांग्यांची रांग लागायची, त्यातले कितीतरी हबीबमियांच्या हातचे. तट्ट्याची भिंत असलेली त्यांची जागा होती, समोर चिंच होती, आणि चिंचेखाली कायम एखादं तट्टू बांधलेलं असायचं. टांग्याला बाकी काहीही असो, चाकांवरच्या मडगार्डाला ते स्वतःशिवाय कुणाला हात लावू देत नसत. सागाची चौकट, वर पत्रा, आणि कमान अशी की चाक कितीही जोरात फिरलं तरी बसणाऱ्या बाईच्या लुगड्यावर ठिपका उडू नये. इनायतने हातोडी धरायला इथेच शिकून घेतलं. मारही इथेच खाल्ला.

नवा टांगा तयार झाला की मालक यायचा, नारळ आणायचा, घोड्याच्या गळ्यात हार पडायचा. मालक हिंदू असला तर कुंकू, मुसलमान असला तर फातिहा. हे सगळं झाल्यावर हबीबमियां खाली बसायचे. मोर्णेच्या काठचा काळा चिखल आणि घोड्याची ताजी लीद एकत्र कालवून ठेवलेली असायची. त्यातलं अंगठाभर घेऊन ते मडगार्डाच्या आतल्या बाजूला लावायचे, जी बाजू चाकाशिवाय कुणालाच दिसत नाही. दोन्ही मडगार्डांना. मग उठून मालकाच्या हातात लगाम द्यायचे. हे झाल्याशिवाय टांगा जागचा हलत नसे, आणि लावलेलं पुसायचं नाही असा दंडक होता. पुसायचं ते रस्ता पुसेल.

लहानपणी इनायतला ही नजर उतरवायची तऱ्हा वाटायची. एकदा त्याने विचारलं, तर बाप म्हणाला, "नजरेचं मले काई मालूम नाई. याच्या नशिबात जिनगानीभर चिखलच लिवला हाय. पह्यला चिखल ओळखीच्या हातचा असावा. मंग रस्त्याच्या चिखलाचं काई वाटत नाई."

टांगे हळूहळू गेले. रिक्षा आल्या. हबीबमियांची चिंच तुटली आणि तिथे दुमजली इमारत उठली. इनायतने तोवर मोटारींच्या पत्र्याला हात घातला होता. अम्बॅसॅडर, फियाट, जीप, एका कारखानदाराची लांबलचक विदेशी गाडीसुद्धा. म्हातारे हबीबमियां रोज शेडमध्ये येऊन स्टुलावर बसायचे. हात थरथरायला लागले होते, दिसत कमी होतं. काम काही नव्हतं. फक्त गाडी जायच्या वेळी ते उठायचे, चाकापाशी बसायचे आणि मडगार्डाच्या आत अंगठा टेकवून यायचे. तेवढ्यासाठीच ते येत, हे शेडमधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. गिऱ्हाइकांना ठाऊक नव्हतं, आणि कुणी आत वाकून बघणारं नव्हतं.

बघितलं ते नारायणराव वकिलांनी. माणूस वाईट नव्हता, उलट अकोल्याच्या कोर्टात ज्यांच्याबद्दल कुणी वेडंवाकडं बोलत नसे अशांपैकी. मुलीच्या लग्नासाठी पांढरी फियाट रंगवून घेतली होती, त्याच दिवशी वरपक्षाला आणायला स्टेशनवर जायचं होतं, अंगात कडक इस्त्रीचे पांढरे कपडे. काम कसं झालं ते बघायला त्यांनी मडगार्डाच्या कडेवरून बोट फिरवलं, आत फिरवलं, आणि बोट बाहेर काढून नाकाशी नेलं. ओरडले नाहीत. "इनायत, हे धुऊन दे बाबा," एवढंच म्हणाले.

आणि इनायतने धुतलं. बादली घेतली, फडकं घेतलं, आडवा झाला आणि दोन्ही मडगार्ड आतून लख्ख करून दिले. धुताना त्याची पाठ स्टुलाकडे होती. वळला तेव्हा हबीबमियां उभे राहिले होते आणि आपला अंगठा फडक्याने पुसत होते. ते घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत, त्यानंतर कधीच आले नाहीत. पुढे दोन-तीन वर्षांत म्हातारा गेला.

आता गंमत बघा. इनायतची मनातून खात्री होती की त्या फियाटीला काहीतरी होणार. वाईट नव्हे, पण काहीतरी. एखादा पोचा, निदान पंक्चर. तो त्या गाडीवर वर्षानुवर्षं डोळा ठेवून होता. आणि त्या गाडीला काही म्हणजे काही झालं नाही. बाजूने ट्रक गेले, बैल गेले, वकीलसाहेबांचा नवशिका मुलगा ती चालवायला शिकला, तरी ओरखडा नाही. वीस वर्षांनी ती विकली तेव्हाही तिचा मडगार्ड इनायतच्याच रंगात होता. एखाद्याला याचा आनंद झाला असता. इनायतला फार लागलं. म्हणजे बाप आयुष्यभर लावत होता तो नुसता चिखलच होता, दुसरं काही नव्हतं. वकिलांचं बरोबर होतं. मग बापामागे तो स्वतः अधूनमधून लावायचा, तेही त्याने बंदच केलं.

पुन्हा एकदाच लावलं. अनीसा हायस्कुलात गेली तेव्हा तिला निळी सायकल घेतली. सायकल घरी आली त्या संध्याकाळी अंगणात कुणी नाही असं बघून इनायतने मागच्या मडगाटाच्या आत बोट टेकवलं. का टेकवलं ते त्याला सांगता आलं नसतं. लीद कुठून मिळणार, अंगणातलीच ओली माती. सकाळी अनीसा ओलं फडकं घेऊन सायकल पुसायला बसली. मोठी टापटिपीची पोरगी. तिने मडगाटाच्या आत हात घातला, "इई, दुकानवाल्यानं घाण सायकल देली," असं म्हणाली आणि घासून घासून साफ केलं. इनायत ओट्यावर चहा पीत होता. त्याने चहा संपवला आणि कामाला गेला.

तर हे असं होतं. म्हणून बोटभर चिखल त्याला जड झाला होता.

मधे काही महिन्यांपूर्वी अमरावतीहून अनीसाचा फोन आला. दर रविवारी दुपारी यायचा. आठवडाभर काय शिकली ते ती दादाला सांगायची, आणि दादा काही कळत नसलं तरी हुंकार द्यायचा. तिच्या क्लासच्या देवश्री मॅडम अमरावतीच्याच, पण जर्मन पुण्याला शिकून आलेल्या. शब्द नुसता पाठ करून घेणं त्यांना जमायचं नाही, तो कुठून आला, त्याचे आईबाप कोण, हे सगळं सांगितल्याशिवाय त्या पुढे सरकत नसत. अर्धा तास व्हायचा, धडा तिथेच असायचा, पोरं खिडकीतून गिला वड्याच्या गाडीकडे बघत बसायची. त्या आठवड्यात मोटारीच्या भागांचे शब्द होते.

"दादा, स्पार्क प्लगले ते लोक पेटवाची मेणबत्ती म्हन्तेत," अनीसा सांगत होती. "अन् मडगाटले काय म्हन्तेत मालूम हाय? कोटफ्ल्युगेल."

"काय?"

"कोटफ्ल्युगेल. फ्ल्युगेल म्हन्जे पंख."

"अन् कोट?"

ती हसायला लागली. "आता तिकडं कोट म्हन्जे गू. खरंच सांगून राह्यलो, दादा. पन मॅडम म्हने पह्यले तसं नव्हतं. जुन्या काळात कोट म्हन्जे रस्त्यावरचा चिखल. तवा मोटारी कोठी होत्या, बग्ग्या होत्या, घोडे होते. रस्त्यावर अर्धी माती अन् अर्धी लीद. ते बसनाऱ्याच्या आंगावर उडू नये म्हून चाकावर पंखासारखं लावत. मंग घोडे गेले, बग्ग्या गेल्या, अन् मोटारीले नाव तेच चिकटलं. आता त्या चकाचक गाड्याइले बी तेच नाव हाय. क्लासमधले सारे शेणपंख, शेणपंख करून लोटपोट झाले."

इनायतने फोन दुसऱ्या कानाला लावला. "तू हासली?"

"हासलो ना थोडंसं."

"बरं," इनायत म्हणाला. "गिऱ्हाईक आलं, ठेवतो." गिऱ्हाईक कुणी आलं नव्हतं. पुलावरून एक ट्रॅक्टर गेला, एवढंच.

पण तो शब्द त्याच्या डोक्यातून जाईना. हबीबमियांना जर्मन म्हणजे घरातलं जर्मनचं पातेलं, ज्यात चहा उकळतो, यापलीकडे काही ठाऊक नव्हतं. आणि तिकडे, जिथे हबीबमियांचं नाव कुणी ऐकलं नाही अशा मुलखात, कुणी तरी बग्गी बनवणारा चाकापाशी वाकून बसला असणार. त्यानेही लीद आणि चिखल बघितला असणार, आणि त्या पत्र्याला छानछोकीचं नाव न देता सरळ त्याच्या नशिबात जे आहे तेच नाव दिलं असणार. इनायतला वाटलं, आपल्या बापाची आणि त्या माणसाची भेट झाली असती तर दोघं एका बिडीवर तासभर बसले असते. बापाचा चिखल नुसता चिखलच होता, हे खरं. पण तो वाया गेलेला नव्हता. हे त्याला नीट शब्दांत मांडता आलं नाही, पण त्या दुपारी त्याला बापाची फार आठवण आली, आणि शेडमध्ये कुणी नव्हतं म्हणून त्याने डोळे पुसायचीही घाई केली नाही.

अनीसा परीक्षा देऊन घरी आली, सामानाची बांधाबांध सुरू झाली, आणि इनायतला लिदीची ओढ लागली.

आजच्या अकोल्यात घोड्याची लीद शोधून दाखवा. स्टेशनबाहेर रिक्षा उभ्या असतात. टांगा स्टँड नावाला उरलाय, तोही म्हाताऱ्यांच्या बोलण्यात. इनायत एक दिवस सायकल घेऊन सगळीकडे हिंडला. शेवटी कुणीतरी सांगितलं, बाळापूर रोडला कुलदीपकडे वरातीच्या घोड्या आहेत, तिथे बघा. कुलदीप तरुण माणूस, मोबाइलवर कुणाशी तरी वरातीचा भाव ठरवत होता. पांढरी घोडी दावणीला उभी होती, पायांत अजून कालची झिरमिळी अडकलेली. तिच्या वासाने इनायत क्षणभर तिथेच थांबला. चिंचेखालचा वास होता तो.

"काय पायजे चाचा? वरात हाय का घरी?"

"वरात नाई. लीद पायजे होती थोडीशी."

कुलदीपने फोन खाली घेतला. "लीद?"

"हो. ते... मोगऱ्याले टाकाले." इनायतला खोटं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे ते लगेच मोठं झालं. "मोगरा सुकून राह्यला."

"अरे मंग तसं सांगा ना." कुलदीपचा चेहरा उजळला. रोज ही लीद कुठे टाकायची हा त्याच्यापुढचा प्रश्न असावा. "थांबा, पोतंभर देतो."

इनायत नको नको म्हणत होता. त्याला अंगठाभर पुरली असती. पण कुलदीपने पोतं भरलं, तोंड बांधलं आणि सायकलच्या कॅरिअरवर चढवलं. बाळापूर नाक्यापासून जुन्या शहरापर्यंत इनायत डेंटर लिदीचं पोतं घेऊन सायकल ढकलत आला, आणि वाटेत ओळखीचा भेटला नाही असा चौक गेला नाही. आयुष्यभर लोकांना कारल्यासारखं बोलल्याची फेड त्या दिवशी झाली.

पोतं घरात आलं तर शकीलाने पदर नाकाला लावला. "अब्बा, हे काय आणलं तुमी? घरात पावने येऊन राह्यले पोरीले भेटाले."

"तुह्या मोगऱ्याले."

"मोगऱ्याले काय झालं? चांगला फुलून राह्यला."

खोटं एकदा बोललं की त्याची निगराणी करावी लागते. इनायतने ते पोतंभर खत मोगऱ्याच्या बुंध्याशी ओतलं. दोन दिवस पाहुणे अंगणातून नाकाला रुमाल लावून गेले. शेजारच्या बेबीताई सांडग्यांची पुडी घेऊन आल्या त्या आल्या पावली परत गेल्या. या सगळ्यात चिमूटभर लीद इनायतने बाजूला काढली, मोर्णेच्या काठी जाऊन काळी माती आणली, दोन्ही कालवून बामच्या रिकाम्या डबीत भरली आणि डबी सदऱ्याच्या खिशात ठेवली. ती डबी बुधवारभर त्याच्या खिशात होती. अनीसा समोरून जायची, बॅग उघडायची, बंद करायची. इनायतचा हात खिशात जायचा आणि तसाच बाहेर यायचा. घासून घासून साफ करणारी ती सकाळ त्याच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. वकिलापुढे मान खाली घातली तशी या वयात नातीपुढे घालायची नाही, एवढंच त्याने ठरवलं होतं. त्यापेक्षा न लावलेलं बरं.

गुरुवारी सकाळी नागपूरला न्यायला गाडी आली. ड्रायव्हर घाईत होता, समृद्धीवर कुठे काय अडेल सांगता येत नाही म्हणत होता. इरशाद कागदपत्रं तिसऱ्यांदा तपासत होता. शकीला स्वयंपाकघरात डबा भरायच्या निमित्ताने रडून घेत होती. अनीसाने मोठी चाकांची बॅग अंगणात ओढली आणि ती अडकली.

"दादा, पाहा बरं हे चाक. फिरून नाई राह्यलं."

चाक अडलं म्हटल्यावर इनायत उठला. खाली बसला, बॅग आडवी केली, चाकात बोट घातलं. नव्या ओढणीचा धागा गुंतला होता. त्याने तो हळूच ओढून काढला आणि चाक फिरवून पाहिलं. मग सवयीने त्याचा तळवा चाकाच्या वरून फिरला. चाकावर काळ्या प्लास्टिकची छोटी कमान होती. तो थांबला.

"यालेही मडगाट हाय," तो म्हणाला.

"हो ना," अनीसा त्याच्या शेजारी उकिडवी बसली. "कोटफ्ल्युगेल."

इनायतचा हात खिशात गेला. बाहेर आला. परत गेला.

"दादा, काय हाय खिशात?"

"काई नाई. बाम."

"बामले लिदीचा वास येते?"

तिने त्याच्या खिशातून डबी काढली आणि उघडली. आत बघितलं. मग मोगऱ्याकडे बघितलं, मग दादाच्या अंगठ्याकडे, आणि निळ्या सायकलच्या मडगाटातली ती घाण तिला आठवली. तिच्या कपाळावर आठी पडली, आणि मग ती हळूहळू गेली.

"माह्या निळ्या सायकलले तुमीच लावलं होतं न हे?"

इनायतला दुसरंच काही बोलायचं होतं. तोंडातून आलं ते, "तू पुसून टाकलं."

"मले कोनी सांगतलंच नाई, दादा."

"ते सांगाची गोष्ट नोहे."

"मंग आता सांगा."

ड्रायव्हरने हॉर्न दिला. इरशाद म्हणाला, "अब्बा, उशीर होऊन राह्यला." इनायतने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. बॅगेच्या उताण्या चाकांपाशी बसून त्याने तिला सांगितलं. चिंच, तट्टू, अंगठा, आणि बापाचं ते वाक्य जसंच्या तसं. मग जे त्याने आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं, तेही सांगितलं. "वकीलसाहेब म्हने धुऊन दे. मी धुतलं. माहा बाप तठी बसून होता, अन् मी त्याच्यासमोर धुतलं."

अनीसा जाऊ द्या म्हणाली नाही, त्यात काय एवढं म्हणाली नाही. तिने डबी त्याच्या हातात दिली, बॅग दोन्ही हातांनी धरून ठेवली आणि म्हणाली, "लावा."

इनायतने लावलं. चारही चाकांच्या कमानींना आतून, एकेक करून, अंगठा टेकवून. बाप टांग्यापाशी बसायचा तसाच आपण बसलो आहोत हे त्याचं त्यालाच आता दिसलं. शकीला डबा घेऊन दारात येऊन उभी राहिली होती. तिने ते बघितलं आणि यावेळी पदर नाकाला लावला नाही, डोळ्यांना लावला.

"चार बी झाले," इनायत म्हणाला आणि गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागला.

"थांबा." अनीसाने डबी परत घेतली. भिंतीला त्याची जुनी सायकल टेकलेली होती. "तुमच्या सायकलले कोनं लावलं होतं?"

"माह्या बापानं. नवी होती तवा."

"अन् मंग?"

"मंग कोनी नाई."

ती सायकलपाशी बसली. डबीत उरलेलं सगळं तिने अंगठ्यावर घेतलं, हात मागच्या मडगाटाच्या आत कोपरापर्यंत घातला आणि नीट, दाबून लावलं. "आता मी चाल्लो," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "मी गेल्यावर तुमच्या वाट्याले जे येईन, त्याच्यातला हा पह्यला."

मग तिने हात न धुता बॅग उचलली. शकीलाने साबण म्हटलं, तिने ऐकलं नाही. गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली, मागच्या काचेतून ओढणीचा रंग दिसला, आणि नंतर काही दिसलं नाही. इरशाद आत गेला. इनायत अंगणात उभा होता. मोगरा, खरं सांगायचं तर, त्या खताने चांगलाच तरारला होता.

थोड्या वेळाने त्याने सायकल काढली आणि नेहमीसारखा वर्कशॉपला निघाला. पुलाच्या अलीकडे नळाची पाइपलाइन फुटलेली आहे, तिथे बारा महिने डबकं असतं, आणि इनायत तिथे रोज उतरून कडेकडेने सायकल ढकलत नेतो. पानटपरीवाल्याने सांगितलं ते असं की त्या दिवशी चाचा उतरला नाही. सरळ डबक्यातून गेला, चिखल चाकावर आला तेवढा मडगाटाने घेतला, आणि चाचा मागे वळून न बघता शेडपर्यंत पायडल मारत गेला.